गाडीत काय भरायचं?



या आठवड्याच्या टपालात एक रागावलेलं पत्र आलंय. रेणापूरची सातवीतली एक वाचक आहे. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही.

तिचं म्हणणं असं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या गावांत शिरल्या. तेव्हा तिच्या वर्गाने मदतफेरी काढली. दारोदार फिरून कपडे जमवले. अकरा पोती भरली. कुणाच्या तरी चुलत्याचा टेम्पो मिळाला, डिझेलचे पैसे पालकांनी दिले, आणि सर व चार मुलं नदीकाठच्या एका गावाला गेली. संध्याकाळी टेम्पो परत आला तो आठ पोती तशीच घेऊन! गावातली माणसं म्हणाली होती, "कपडे नकोत आता. ठेवायला कोरडी जागा नाही." पत्राच्या शेवटी ती विचारते, "ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो माणूस मदतीला नको कसं म्हणतो? आम्ही उगीच केलं का?"

उगीच नाही गं. पण तुझा प्रश्न साधा नाही. मोठमोठ्या संस्था, सरकारं, अगदी संयुक्त राष्ट्रांचे अधिकारीसुद्धा याच प्रश्नापाशी अडखळलेत. तेव्हा जरा सविस्तर बोलू. सुरुवात तुझ्याच गावापासून करू.

लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचा पिंपळफाटा तुला ठाऊकच आहे. इतरांसाठी सांगतो. रेणापूर हे लातूरच्या उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटरवर. आणि लातूरच्या दक्षिणेला, औशाच्या पुढे, किल्लारी. म्हणजे बीड-अंबाजोगाईकडून किल्लारीला जायचं तर हा फाटा वाटेत लागतो. १९९३ च्या ऑक्टोबरात या रस्त्याने मदतीच्या किती गाड्या गेल्या असतील, ते फाट्यावरच्या जुन्या माणसांना विचार.

काय झालं होतं? २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या जिल्ह्यांतली गावंच्या गावं काही सेकंदांत खाली बसली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली, हजारो जखमी झाली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता. पण घरं कशी होती? दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आणि दगड जोडायला नुसती माती. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर, म्हणजे आपलं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असंच बांधत आले. इथे मोठा भूकंप होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शास्त्रज्ञसुद्धा हा प्रदेश स्थिर समजत होते.

आता सांगा पाहू, त्या सकाळी किल्लारीला, सास्तूरला, मंगरूळला सगळ्यांत आधी काय हवं होतं?

बहुतेक मुलं म्हणतील, जेवण. नाही! त्या सकाळी हव्या होत्या पहारी, फावडी, घमेली, दोरखंड आणि दगड उचलणारे हात. मातीखाली कुणी जिवंत असेल तर त्याच्यापाशी फार वेळ नसतो. त्यानंतर हवे होते डॉक्टर, सलाईन, प्लास्टर, आणि जखमींना लातूर-सोलापूरला नेणारी वाहनं. मग पाऊस आला. उघड्यावर बसलेल्या माणसांना आता ताडपत्री हवी झाली, कंदील, काड्यापेट्या, सतरंज्या हव्या झाल्या. आणखी काही दिवसांनी तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पत्रे हवे झाले. म्हणजे बघा, गरज रोज बदलत होती. आणि लांबच्या शहरात बातमी कळून, सामान जमवून, ट्रक भरून निघेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. परवाची गरज ऐकून भरलेला ट्रक आज पोचतो, आणि आजची गरज भलतीच असते.

मला या सगळ्यात भाकरीचं फार कौतुक वाटतं. मराठवाड्यातल्या गावागावांतून तेव्हा भाकरी निघाल्या. ज्वारीची भाकरी दोन दिवस टिकते, ठेच्याबरोबर खाता येते, ताटवाटी लागत नाही. मुख्य म्हणजे खाणाऱ्याच्या ओळखीची असते. ज्याचं सगळं गेलंय त्याला निदान घासाची तरी ओळख पटावी, हे काही कमी नाही. शेजारच्या गावाला हे कुणी शिकवावं लागत नाही, कारण ते स्वतः तेच जेवतं.

आणि कपडे? अगं, तुमच्याआधी कितीतरी लोकांनी कपडेच भरलेत. कारण कपडे देणं सोपं. प्रत्येक घरात पडलेलेच असतात, दिले की कपाटही मोकळं होतं! २००४ साली त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत नागपट्टिणमकडे देशभरातून इतके जुने कपडे गेले, की रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडून राहिले. तिथल्या कोळी बायकांनी ते उचलले नाहीत. का उचलावेत? दुसऱ्याचा फाटका, मळका कपडा रस्त्यावरून वेचायचा, हा अपमान आहे. संकट आलं म्हणून माणूस आपला मान घरात सोडून येत नाही. शिवाय नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या हातात तुम्ही कुणाची जीन पँट ठेवलीत, तर तिने तिचं करायचं काय? पांघरायलासुद्धा पुरत नाही!

तेव्हा त्या गावाने 'नको' म्हटलं ते तुम्हाला नाही. त्यांनी तुम्हाला खरी माहिती दिली. ती आधी मिळाली असती तर बरं झालं असतं, एवढंच. त्या गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आदल्या दिवशी एक फोन केला असता तर कदाचित कळलं असतं, की वह्या-पुस्तकं भिजलीत, जनावरांना चारा नाही, विहिरीत गाळ बसलाय. अकरा पोत्यांऐवजी अकरा पेंढ्या कडबा नेला असता, तरी एखाद्या म्हशीने तुम्हाला मनापासून आशीर्वाद दिला असता.

आता एक गोष्ट अशी, जी कुणाच्या लक्षात येत नाही. रस्ता. रस्ता हीसुद्धा एक वस्तू आहे आणि ती मोजकीच असते.

किल्लारीकडचे रस्ते तेव्हा अरुंद होते. त्यांवर लष्कराच्या गाड्या, रुग्णवाहिका, मदतीचे ट्रक आणि त्यांच्या जोडीला बघे! हो, नुसतं बघायला आलेली माणसं. जीप करून, मोटारसायकलवरून, लेकराबाळांसह. त्यांच्या गर्दीने रस्ते तुंबले आणि पोलिसांना ढिगारे उपसायचे सोडून गर्दी आवरावी लागली. बघ्यांचा राग येणं सोपं आहे. पण नीट विचार केला तर नको असलेल्या सामानाचा ट्रकही रस्त्यावर तेच करतो. तो जागा अडवतो. त्याचा फाळका उघडून माल उतरवायला माणसं लागतात, ठेवायला छप्पर लागतं, राखायला कुणीतरी बसवावं लागतं. ही माणसं आणायची कुठून? ज्यांचं घर पडलंय त्यांच्यातूनच ना?

काही लोकांनी मात्र तिथे जाऊन आधी नीट पाहिलं, विचारलं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांना दिसलं, की मुलांची घरंही गेलीत आणि शाळाही. त्यांनी सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणून शिकवलं. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ अनाथ झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' उभं केलं. ट्रकभर सामान एका दिवसात उतरतं. मुलगा दहावी व्हायला दहा वर्षं लागतात. मला विचाराल तर त्या सगळ्या मदतीतली ही सर्वांत अवघड मदत.

बरं, आता एक कल्पना करा. औसा ते किल्लारी याच रस्त्यावर, दर पाच-दहा किलोमीटरवर, हातात बंदुका घेतलेली माणसं उभी आहेत. एका पक्षाची नव्हेत, दोन-तीन पक्षांची. प्रत्येक नाक्यावर तुमचा ट्रक थांबवतात. "आत काय आहे? कुणासाठी नेताय? आमच्या शत्रूसाठी?"

ही गोष्ट मी मनाने रचलेली नाही. किल्लारीचा भूकंप झाला त्याच १९९३ साली युरोपात बोस्निया या देशात युद्ध चालू होतं. सारायेव्हो नावाच्या राजधानीला एप्रिल १९९२ पासून वेढा पडला होता. तो जवळजवळ चार वर्षं उठला नाही. आत लाखो माणसं. पीठ, औषधं, जळण सगळं बाहेरून यायचं. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या होत्याच, पण युरोपातली कितीतरी साधी माणसं, शिक्षक, मेकॅनिक, दुकानदार, आपापल्या गावात सामान गोळा करून स्वतः ट्रक चालवत बोस्नियात जात होती.

अशा ठिकाणी एकटा ट्रक सहसा जात नाही. ताफा जातो. म्हणजे पुष्कळ गाड्या एका माळेत, ठरलेलं अंतर राखून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने. एक बिघडली तर सगळ्या थांबतात. सर्वांत महत्त्वाचा कागद कुठला, सांगा? नकाशा? नाही, यादी! कुठल्या गाडीत कुठली किती खोकी, प्रत्येक खोक्यात काय, कुणासाठी. नाक्यावरचा माणूस यादी घेऊन गाडी तपासतो. यादीत नसलेलं एक खोकं जरी सापडलं तरी त्याला संशय येतो, आणि मग सगळा ताफा तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस अडकतो. कुणीतरी प्रेमाने कोपऱ्यात कोंबलेलं खाऊचं एक पुडकं, त्यापायी वीस गाड्या उभ्या! म्हणून पुढच्या वेळी पोती भराल तेव्हा एका पोत्यात एकच जिन्नस घाला आणि बाहेर चिठ्ठी लावा. नाक्यावर बंदूकवाला नसेल, पण पावसात, अंधारात, दमलेल्या माणसाला पोतं न उघडता आत काय आहे ते कळेल.

युद्धातसुद्धा काही नियम असतात बरं का! १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोची मोठी लढाई झाली. हेन्री ड्यूनांट नावाचा एक स्विस व्यापारी त्या वेळी तिथे जाऊन पोचला. हजारो जखमी नुसते पडून आहेत आणि त्यांना पाणी द्यायलाही कुणी नाही, हे त्याने पाहिलं. त्यातून पुढे रेड क्रॉस जन्माला आली आणि १८६४ साली जिनिव्हाचा पहिला करार झाला. नंतर १९४९ साली जिनिव्हात आणखी करार झाले, ते आपल्या देशानेही मान्य केलेत. त्यांतल्या चौथ्या करारात एक कलम तुमच्यासाठीच आहे म्हणा ना! औषधांची वाहतूक, आणि पंधरा वर्षांखालची मुलं व बाळंतिणी यांच्यासाठीचं अन्न, कपडे, ताकदीची औषधं यांना शत्रूच्या बाजूची असली तरी वाट द्यावी, असं त्यात म्हटलंय. पण अट आहे. हे सामान खरोखर त्यांनाच मिळेल, सैनिकांच्या पोटात जाणार नाही, याची खात्री पटली पाहिजे. म्हणून ती यादी, म्हणून ती तपासणी.

नियम आहेत म्हणजे ते पाळले जातात असं मात्र नाही. मे १९९३ मध्ये इटलीतले पाच स्वयंसेवक मदतीचं सामान घेऊन मध्य बोस्नियातून चालले होते. बंदूकवाल्यांनी त्यांना अडवलं, लुटलं, आणि तिघांना मारून टाकलं. दोघे कसेबसे निसटले. हे तुमच्यापासून लपवून ठेवावं असं मला वाटत नाही. अशा रस्त्याने गाडी न्यायची तर तिच्यात जे काही आहे ते खरोखर हवं असलेलंच असलं पाहिजे. एखाद्याने जीव धोक्यात घालावा आणि फाळका उघडल्यावर आत निघावं काय, तर जुनी पादत्राणं?

पण तसंच होत होतं! युद्ध संपल्यावर काही डॉक्टरांनी हिशेब केला. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात आलेल्या औषधांपैकी सुमारे सतरा हजार टन औषधं निरुपयोगी होती. मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, किंवा कुणालाच न लागणारी. दहा टनी ट्रकात भरली तर सतराशे ट्रक होतील! आणि औषध काही उकिरड्यावर फेकता येत नाही. ती नीट नष्ट करायची तर साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च येईल असा अंदाज निघाला. देणाऱ्यांचं कपाट मोकळं झालं, आणि कचरा युद्धाने मोडलेल्या देशाच्या दारात. म्हणून १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम छापले. त्यातला मुख्य नियम तुझ्या त्या गावकऱ्यांच्या बोलण्यासारखाच आहे. मागितलं असेल तेच पाठवा. पोचल्यावर निदान एक वर्ष मुदत उरलेली असावी, आणि वरचा मजकूर तिथल्या डॉक्टरांना वाचता आला पाहिजे.

आता जरा सोलापूरला चला. किल्लारीहून उमरगा, नळदुर्ग करत गेलं की सोलापूरच. १९३७ साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काय मागितलं? डॉक्टर. आपण तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होतो, घरात दारिद्र्य होतं. तरी काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं, देशभर वर्गणी निघाली, बावीस हजार रुपये जमले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून पाच डॉक्टर निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. चोळकर नागपूरचे. म्हणजे पाचांत दोघे आपल्याकडचे. बरोबर औषधं होती आणि एक रुग्णवाहिका.

जहाज, मग आगगाडी, नदीतली बोट, आणि शेवटी डोंगराळ रस्त्यांवरून मोटारी. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. म्हणजे मुंबई सोडल्यावर पाच महिन्यांनी. कोटणीसांचं वय तेव्हा अठ्ठावीस. औषधं कधीतरी संपणारच होती. पण कोटणीस तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले, जखमींवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या डॉ. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीस वर्षांचे असताना, ते तिथेच वारले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला, तो तुमच्या पणजोबांनी पाहिला असेल. चीनमध्ये त्यांचं नाव अजून घेतलं जातं. मागणाऱ्याने नेमकं मागितलं आणि देणाऱ्याने नेमकं तेच दिलं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आणि एक शेवटची गाडी.

२६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये कच्छला भूकंप झाला. पुन्हा देशभरातून ट्रक निघाले. पण लातूर-उस्मानाबादकडून काही बायकाही निघाल्या. या होत्या किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर त्यांनी घरबांधणीच्या कामात गावोगाव भाग घेतला होता. भिंतीत कुठे काय घातलं की घर टिकतं, सरकारी मदतीची यादी कशी वाचायची, साहेबांनी 'उद्या या' म्हटलं की काय उत्तर द्यायचं, हे सगळं त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. त्यांच्याकडे द्यायला कपड्यांची पोती नव्हती. त्या कच्छमधल्या बायकांशेजारी जाऊन बसल्या. भाषा वेगळी, साडी नेसायची तऱ्हा वेगळी. पण आठ वर्षांपूर्वी आपल्याला काय हवं होतं आणि काय नको होतं, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. त्यामुळे काय विचारायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता तुमचं काम. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, सोलापूर इथल्या वाचकांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचं. १९९३ साली आपल्या गावातून किल्लारीकडे गाडी गेली होती का? त्यात काय भरलं होतं? बरोबर कोण गेलं होतं, आणि तिथे पोचल्यावर त्यातलं खरोखर कामाला काय आलं? आणि ज्यांच्या घरची माणसं त्या वेळी किल्लारी भागातच होती त्यांनी उलट बाजूने विचारायचं. ट्रकमधून आलेली कुठली एक वस्तू अजून आठवते? एका पानात लिहा, कागदाच्या एकाच बाजूला, आणि आजीचे शब्द असतील तसेच ठेवा, सुधारू नका.

रेणापूरच्या मैत्रिणीने या वेळी पिंपळफाट्यावर जाऊन यायचं. उरलेल्या आठ पोत्यांचं काय केलंत तेही कळव.